एकाच नावाच्या एकतीस आज्या

मेतोदी आजोबा मंगळवारी सकाळी ऑफिसात शिरले तेव्हा त्यांच्या एका काखेत भाजून सोललेल्या मिरच्यांची बरणी होती आणि दुसऱ्या काखेत नातीचा जुना टॅबलेट. बरणी त्यांनी टेबलावर आपटली, टॅबलेट माझ्या नाकासमोर धरला आणि विचारलं, "ही बाई कोण?"

पडद्यावर आमचीच वेबसाइट होती. डोक्याला रुमाल बांधलेली एक दणकट बाई हातात कोंबडी धरून उभी होती.

"तुमच्याच घरातली असेल ना," मी म्हणालो. "खाली नाव तुमचंच आहे."

"वा! म्हणजे मला माझी बायको ओळखता येत नाही, आणि तुला येते? त्रेचाळीस वर्षं संसार केलाय मी तिच्याशी. ही बाई दिसायला बरी आहे, कोंबडीपण झकास आहे, पण माझी नव्हे. शेजारीण रोज विचारते, मेतोदी, ही कोण रे? काय सांगू तिला?"

व्रात्सा जिल्ह्यातली गावं रिकामी होत चालली आहेत हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. कुणी राजधानीत, सोफियाला गेलं, कुणी स्पेनला, कुणी जर्मनीला. गावात उरली कुलपं आणि म्हातारी माणसं. म्हणून जिल्ह्यातल्या सगळ्या वाचनगृहांनी मिळून ठरवलं की लोकांकडचे जुने फोटो एका ठिकाणी जमवायचे. ज्याने त्याने आपापले फोटो पाठवायचे आणि खाली नाव-गाव लिहायचं. ती वेबसाइट बनवायचं काम आमच्या पाच माणसांच्या कंपनीकडे आलं. आणि त्यातला लोकांचे फोटो घेऊन जागेवर ठेवायचा भाग मी लिहिला होता. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायला नको.

मी आजोबांना 'काहीतरी तांत्रिक अडचण' वगैरे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून बिस्त्रा लिलोव्हा उठून आली. तिने आजोबांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि समोर बसून एकच प्रश्न विचारला.

"आजोबा, फोटो पाठवताना फाइलला नाव काय दिलं होतं?"

"नातीने दिलं. बाबा."

आता इथे आजीला 'बाबा' म्हणतात. मी मूळचा साताऱ्याचा. लग्न करून या देशात आलो त्याला एकोणीस वर्षं झाली, तरी सासूबाईंना 'बाबा' म्हणताना पहिली दोन वर्षं मला ठसका लागायचा. थोरल्या बहिणीला इथे 'काका' म्हणतात. त्यामुळे ऑफिसात सगळे जिला 'काका बिस्त्रा' म्हणतात ती बावन्न वर्षांची, चष्मा कपाळावर चढवून बसणारी बाई आहे. मी तिला मनातल्या मनात बिस्त्राताईच म्हणतो. आणि मी मिलिंद, माझं इथे केव्हाच मिलेन झालंय.

बिस्त्राताई माझ्याकडे वळली. "मिलेन, तू फाइल कुठल्या नावाने ठेवतोस?"

"लोकांनी दिलेल्याच."

"सगळ्या एकाच फोल्डरमध्ये?"

"हो."

"आणि त्याच नावाची दुसरी आली तर?"

 आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसरी फाइल पहिलीच्या जागी बसते आणि पहिली पुसली जाते. कुणी ओरडत नाही, कुठे लाल दिवा लागत नाही.

आम्ही यादी काढली. आपली आजी म्हणून 'बाबा' नावाची फाइल एकतीस घरांनी पाठवली होती. एकतीस नावं, एकतीस गावं, आणि सर्व्हरच्या डिस्कवर फोटो मात्र एकच, सगळ्यात शेवटी आलेला. एकतीसही कुटुंबांच्या पानांवर तीच कोंबडीवाली बाई उभी होती. 'लग्न' नावाच्या सव्वीस फाइली होत्या, 'आजोबा' बारा. सव्वीस जोडप्यांचं लग्न एकाच मांडवात लावून मी मोकळा झालो होतो.

"इतके महिने कुणी बोललं कसं नाही?" मी कपाळाला हात लावून विचारलं.

"लोक एकदा पाठवतात, बघतात आणि विसरतात," बिस्त्राताई म्हणाली. "आणि ज्यांनी बघितलं, त्यांना वाटलं असेल की आपलंच काहीतरी चुकलं. कॉम्प्युटरला नावं ठेवायची लोकांना लाज वाटते."

"मला नाही वाटत," मेतोदी आजोबा म्हणाले.

बिस्त्राताईबद्दल थोडं सांगायला हवं. कॉम्प्युटर शिकून आलेली ती बाई नव्हे. ऐन तरुणपणी ती इथल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर बाटल्यांमध्ये नमुने भरायचे आणि चिठ्ठ्या लावायच्या. कारखाना बंद पडला, नवरा त्याआधीच दुसरीकडे संसार थाटून बसला होता, आणि ही मुलीला आईकडे ठेवून इटलीला गेली. बोलोन्याजवळच्या एका गावात एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करायला. सहा वर्षं. ती मालकीण, सिन्योरा, दुपारी दोन ते चार झोपायची. त्या दोन तासांत बिस्त्राताई गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात जायची आणि तिथल्या फुकटच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमिंग शिकायची. इटालियनमधून. ती अजूनही चुकलं की इटालियनमध्येच शिव्या देते. सिन्योरा गेली तेव्हा ही परत आली आणि आमचा मालक कामेन याच्यासमोर अर्ज घेऊन उभी राहिली. वय बेचाळीस. कामेन तेव्हा अठ्ठावीसचा. त्याने विचारलं, "काका, तुम्हाला काय येतं?" ती म्हणाली, "चिठ्ठी लावता येते, आणि लावलेली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी वाचता येते." ही गोष्ट कामेन अजून प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

तर त्या दिवशी कामेन धावत आला आणि सगळं ऐकून हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, बोभाटा नको. गुपचूप दुरुस्त करू. वाचनगृहवाल्यांना कळलं तर काम जाईल."

"आजोबांना कळलंय की," बिस्त्राताई म्हणाली.

आजोबांनी मान आडवी हलवली. इथे त्याचा अर्थ हो.

"एकाला कळलंय!"

"कामेन, माणसांच्या आज्या हरवल्यात. उद्या त्यांनी कागदावरचा फोटो टाकून दिला, वेबसाइटवर आहेच म्हणून, तर? एकेक दिवस गेला की एखादा फोटो जाईल. वेबसाइटवर सूचना लाव. फोन मी करते. तू फक्त मधे उभा राहू नकोस."

कामेन मधे उभा राहिला नाही. त्याला तिच्यासमोर उभं राहता येतं असं मी कधी पाहिलेलंच नाही.

पहिली दुरुस्ती वीस मिनिटांची होती, आणि तीच मला जास्त लागली. आम्ही वेबसाइट ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर बांधतो, त्यात ही सोय पहिल्यापासून आहे: आलेल्या प्रत्येक फाइलला तो स्वतःच एक लांबलचक, कधीही पुन्हा न येणारं नाव देतो. लोकांनी दिलेलं नाव वेगळं, यादीत लिहून ठेवायचं. मीच शहाणपणा करून ती सोय बाजूला सारली होती, कारण लोकांनी दिलेली नावं दिसायला गोड वाटायची.

मग प्रश्न आला जुन्या फोटोंचा. तेव्हा बिस्त्राताई म्हणाली, "माझ्या घरी शुक्रवार आहेत."

मला काहीच कळलं नाही. कळलं ते असं: वेबसाइट सुरू झाल्यापासून दर शुक्रवारी घरी जाताना ती सर्व्हरवरचं सगळं फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून न्यायची. कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक शुक्रवारची प्रत वेगळी, वर तारखेची चिठ्ठी. डिस्का घरी काचेच्या कपाटात, जॅमच्या बरण्यांच्या मागे. मी एकदा तिची थट्टाही केली होती, की काका, सर्व्हरला घरी नेऊन जेवायला घालता का?

एकोणीस शुक्रवार होते. त्या त्या शुक्रवारी फोल्डरमध्ये जी आजी बसलेली होती, ती त्या प्रतीत सापडली. काही आज्या दोन-दोन शुक्रवार टिकल्या होत्या, काही सोमवारी येऊन गुरुवारी पुसल्या गेल्या होत्या. कोंबडीवाली धरून चौदा आज्या हाती लागल्या. उरल्या सतरा.

त्या सतरा घरांना तिने स्वतः फोन केले. मी शेजारी बसून ऐकायचो. ती कधीच 'तांत्रिक अडचण' म्हणाली नाही. म्हणायची, "मी व्रात्साहून बिस्त्रा बोलतेय. तुम्ही आम्हाला तुमच्या आजीचा फोटो दिलात आणि आम्ही तो घालवला. चूक आमची आहे. तुमच्याकडे मूळ फोटो आहे का?"

एक बाई चिडली. एकाने विचारलं की भरपाई काय देता. ती म्हणाली, "लाज देते, ती बरीच आहे माझ्याकडे," तो हसला आणि त्याने संध्याकाळपर्यंत फोटो पाठवला. लाइपझिगहून एकजण म्हणाला, "कुठला फोटो? मी तर विसरलोच होतो," आणि मग पाऊण तास आजीबद्दल बोलत राहिला. आठवड्याभरात सतरातले सोळा परत आले. लग्नांचे आणि आजोबांचे फोटोही आम्ही असेच मिळवले.

सतरावा फोटो मेतोदी आजोबांचा. तो मिळेना. नातीने जुना फोटो मोबाइलवर टिपला होता, तो मोबाइल उन्हाळ्यात धरणात पडला. मूळ कागदी फोटो आजोबांच्या कपाटावर काचेखाली होता. वसंतात छप्पर गळलं, फोटो काचेला चिकटला, काढायला गेले तर तुकडे आले. म्हणजे आमच्याकडे पाठवलेला तेवढाच शिल्लक होता, आणि तो मंगळवारी येऊन बुधवारी पुसला गेला होता. मधे शुक्रवार आलाच नाही.

"हे फोनवर सांगायचं नाही," बिस्त्राताई म्हणाली. "चल."

तिच्या खडखडत्या गाडीतून आम्ही आजोबांच्या गावी, लेस्कोव्होला गेलो. आजोबांनी अंगणातल्या द्राक्षांच्या मांडवाखाली टेबल मांडलं, टोमॅटो कापले, तीन पेल्यांत राकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू ओतली. बिस्त्राताईने पेल्याला हात लावायच्या आधी सगळं सांगून टाकलं.

आजोबांनी टेबलावरच्या माश्या हाकलल्या. मग म्हणाले, "म्हणजे तरुणपणची माझी नेदका आता कुठेच नाही."

मला राहवेना. "आजोबा, ती ओळ मी लिहिली होती. काकाने नाही."

"तू?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "इतक्या लांबून येऊन हेच केलंस?"

"हो."

"पी मग. उपाशी पोटी अपराध पचत नाही. टोमॅटो घे."

मी टोमॅटो घेतला.  बिस्त्राताईने लॅपटॉप आणला होता, कुणाकुणाला फोटो परत मिळाले ते दाखवायला. खरं तर काहीतरी बोलायला हवं म्हणूनच तिने तो उघडला. आजोबा चष्मा लावून एकेक आजी बघू लागले, आणि हळूहळू रंगात आले.

"ही वेला. हिच्या तोंडाला कुत्रीसुद्धा भ्यायची... ही कोण, ठाऊक नाही... ही मेझ्द्राची दिसते, मेझ्द्राच्या बायका रुमाल असा बांधतात..." आणि मग ते थांबले.

फोटोत तंबाखूची पानं सुईने ओवत बसलेल्या चार मुली होत्या. तिघी कॅमेऱ्याकडे बघत होत्या. चौथी अगदी कडेला, तिचा अर्धा खांदा फोटोबाहेर गेलेला, मान मागे टाकून हसत होती.

"नेदका," ते म्हणाले.

बिस्त्राताई वाकून बघायला लागली. "हीच?"

"हीच. ही अशी हसायची. माझ्याकडचा फोटो स्टुडिओतला होता, त्यात ती ताठ बसली होती, जशी काही दात काढायला आणलीय. हा... हा मी कधी पाहिलाच नाही." त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं आणि पटकन उचललं, फोटो परत जाईल या भीतीने. "कुणाचा आहे?"

तो वेलाच्या नातीने पाठवला होता. एलियाना तिचं नाव, व्हॅलेन्सियात केशकर्तनालय चालवते. आम्ही फोन केल्यावर तिने आजीच्या फोटोसोबत हाही पाठवून दिला होता. बिस्त्राताईने तिथूनच तिला फोन लावला आणि आजोबांच्या हातात दिला.

"पोरी, मी लेस्कोव्होचा मेतोदी. तुझ्या आजीशेजारी माझी बायको बसलीय. मला तो फोटो मिळेल का?"

"अहो घ्या की आजोबा, त्यात विचारायचं काय!" ती एवढ्या मोठ्याने बोलत होती की आम्हाला सगळं ऐकू आलं. "पण एक सांगा, बाकीच्या दोघी कोण? मला फक्त बाबा ओळखू येते. विचारायला कुणी उरलंच नाही."

आजोबांनी दोघींची नावं सांगितली. मग कुणाचं लग्न कुठे झालं, कुणाची म्हैस विहिरीत पडली, वेलाने एकदा पोलिसाला कसं पळवलं. चाळीस मिनिटं. त्या बाईने गिऱ्हाईक तसंच केस भिजवून बसवलं असणार. तेवढ्या वेळात मी चार टोमॅटो खाल्ले.

परत येताना गाडीत बिस्त्राताई म्हणाली, "हा सर्व्हर बदलायचा."

आमचा सर्व्हर म्हणजे मुख्य वाचनगृहाच्या तळघरातलं एक यंत्र होतं आणि त्यात एकच डिस्क. ती गेली की सगळी गावं गेली. फोटो क्लाउडवर न्यायला हवेत हे ती पहिल्यापासून सांगत होती. कामेन 'पुढच्या महिन्यात' म्हणत होता. या वेळी तो काही म्हणाला नाही.

माझ्या कोडमध्ये फोल्डरचा पत्ता सत्तावन्न ठिकाणी लिहिलेला होता. तिने मला शेजारी बसवून तो एकेक काढायला लावला. त्याजागी फक्त एवढंच लिहायचं: 'फोटोंची डिस्क'. ही डिस्क म्हणजे नेमकी कुठली, ते एकाच ठिकाणी, सेटिंगच्या फाइलीत. आपल्या लॅपटॉपवर काम करताना ती लॅपटॉपमधलं साधं फोल्डर असेल, खऱ्या वेबसाइटवर क्लाउड असेल. कोडला काही देणंघेणं नाही. हीसुद्धा फ्रेमवर्कची जुनीच सोय. "वाचायचं असतं रे मिलेन," ती म्हणाली, "दुपारी दोन ते चार."

मग अडतीस हजार फोटो वर पाठवायला घेतले. तीन दिवस लागले. पाठवणारा प्रोग्रॅम शेवटी म्हणाला, झालं. मी टाळी वाजवली. तिने दोन्हीकडचे फोटो मोजले. वर सात कमी होते.

"पण चूक कुठेच दाखवली नाही!" मी म्हणालो.

"दाखवणार नाहीच. फाइल ठेवता आली नाही तर हा फक्त 'नाही' म्हणतो, तेही पुटपुटत. आपण विचारलं तरच कळतं." तिने सेटिंगमध्ये एक शब्द बदलला. आता फाइल ठेवता आली नाही की प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि बोंब मारतो. ते सात फोटो पुन्हा पाठवले आणि पुन्हा मोजले. मग तिने मला मोजायला लावले.

शनिवारी तिने मेतोदी आजोबांना फोन करून सांगितलं की नेदका आता क्लाउडवर आहे, काळजी नको.

"क्लाउडवर म्हणजे कुठे?"

"फ्रँकफर्टला. आणि एक प्रत आणखी दुसरीकडे."

"मग फ्रँकफर्ट म्हण ना सरळ. माझा भाऊ आहे तिकडे, जाऊन बघून येईल."

सोमवारी सकाळी त्यांचाच फोन.  "पोरी, नेदका परत गेली!"

 मी तर खुर्चीतून उठलोच. तिने फोटो शोधला, जागेवर होता. "आजोबा, तुमच्या पानावर बघा. दिसतेय?"

"पानावर दिसते. पण भावाला पाठवली ती उघडत नाही. सगळ्या गावाला पाठवलीय मी, कुणालाच उघडत नाही. इथे माझ्याकडे बघून हसतात लोक."

आता तिच्या लक्षात आलं आणि तिने इटालियनमध्ये स्वतःलाच एक शिवी हासडली. क्लाउडवरच्या फाइली तिने कुलूपबंद ठेवल्या होत्या; कुणी बघायला आलं की दहा मिनिटांपुरता चालणारा पत्ता तयार व्हायचा. खासगी कागदपत्रांना ते ठीक. पण आजोबांनी तोच दहा मिनिटांचा पत्ता उचलून अर्ध्या युरोपला पाठवला होता.

"ही चूक माझी, आजोबा," ती म्हणाली. "मी नेदकाबाईंच्या दाराला कुलूप लावलं होतं. काढते."

लोकांनी 'सगळ्यांना दाखवा' म्हणून दिलेले फोटो तिने उघडे केले, त्यांना कायमचा पत्ता दिला. ज्यांनी 'फक्त घरच्यांना' म्हटलं होतं ते कुलपातच राहिले. दुपारी आजोबांचा निरोप आला की भावाला दिसली, भाऊ रडला, आणि रडून झाल्यावर म्हणाला की नेदका तुला मिळायलाच नको होती.

मला इतके दिवस वाटत होतं, ही मला कधीतरी बोलेल. एकदा मीच विषय काढला. "काका, तुम्ही मला रागावला नाहीत."

"प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी मी दोन बाटल्यांना एकच चिठ्ठी लावली होती," ती पडद्यावरून नजर न हटवता म्हणाली. "अख्ख्या दिवसाचा माल परत काढावा लागला. आमची मुख्य बाई काही बोलली नाही. नुसती दिवसभर माझ्याशेजारी उभी राहिली. त्याने मला जास्त घाम फुटला." मग म्हणाली, "म्हणून तुझ्याकडून मोजून घेतलं."

वाचनगृहवाल्यांनी काम काढून घेतलं नाही. उलट त्या हिवाळ्यात शेजारच्या जिल्ह्यातली वाचनगृहंही आली. एलियानाच्या फोटोतल्या चार मुलींमुळे एक नवी सोय करावी लागली: एक फोटो अनेक घरांच्या पानांवर लावता येतो, आणि फोटोतल्या अनोळखी माणसाचं नाव कुणीही सुचवू शकतं. नावं सुचवण्यात मेतोदी आजोबा पहिल्या नंबरावर आहेत. त्यातली काही नावं खोटी आहेत असा बिस्त्राताईला संशय आहे.

कामेनने तिला सगळ्या कामाची प्रमुख केली. ती म्हणाली, होईन, पण वेबसाइटच्या तळाशी माझं नाव आणि टेबलावरचा फोन नंबर टाकायचा. कामेन म्हणाला, लोक जगू देणार नाहीत. आणि तसंच झालं. दिवसातून दहा-बारा फोन येतात. तक्रार असते एखादीच. बाकीचे नुसते बोलायला करतात. परवा एका बाईने विचारलं, हे सगळं किती वर्षं टिकेल? बिस्त्राताई म्हणाली, "ते मला माहीत नाही हो. पण आज सकाळी मोजले तेव्हा सगळे होते." आणि वही पुढे ओढून म्हणाली, "हं, सांगा. डावीकडे कोण उभं आहे?"